मार्क किती पडले, आणि कसे पडले?

निकालाच्या दिवशी आपल्या वस्तीत एकच प्रश्न असतो, "किती मार्क पडले?" ते कसे पडले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

कॉलेजात जाणारे आमच्या घरातले आम्ही पहिलेच. वडील सफाई खात्यात, आई चार घरची धुणीभांडी करणारी. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकानात नोकरी. लेखी पेपराची आम्हांला भीती नव्हती. तिथे उत्तरपत्रिकेवर फक्त बैठक क्रमांक. धास्ती होती ती तोंडी परीक्षेची आणि अंतर्गत गुणांची. तिथे आपले आडनाव, कपडे, अडखळणारे इंग्रजी, सारेच परीक्षकासमोर उभे असते.

कामावर रजा मिळाली नाही, जर्नल एक दिवस उशिरा दिले, गुण कापले गेले. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न विषयाचा नव्हताच, "आडनाव काय? गाव कुठले?" असा होता. पुढची उत्तरे येत असूनही तोंडातून शब्द फुटेना. आई म्हणाली, "अभ्यास कमी पडला असेल बाळा." आम्हीही ते खरे मानले. तीच आमची चूक.

हे दुखणे एकट्याचे नव्हते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी डॉ. सुखदेव थोरात समितीने केली. तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षेत आपल्यावर अन्याय होतो, ही अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची तक्रार समितीच्या २००७ च्या अहवालात नोंदलेली आहे.

मग करायचे काय? जर्नल, प्रकल्प दिल्यावर तारखेसह पोच घ्या. गुणांविषयी शंका असेल तर मुदतीत फेरतपासणीचा अर्ज करा. तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहता येते, तिची प्रत मिळते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे. आणि वस्तीतल्या शिकलेल्या ताई-दादांनी रविवारी विहारात मुलांना समोर बसवून तोंडी परीक्षेचा सराव द्यावा.

बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधही परीक्षकांच्या आक्षेपांमुळे त्यांना सुधारून पुन्हा पाठवावा लागला होता. त्यांनी तो पाठवला, आणि १९२३ सालीच लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली.

तेव्हा आईबापहो, मूल कमी गुण घेऊन आले तर आधी रागावू नका. जवळ बसवा आणि विचारा, "कसे पडले?"