मुद्दल शाबूत ठेवणारा उत्प्रेरक

शेतातील मातीत स्फुरद किती आहे हे पाहताना प्रयोगशाळेत मातीच्या अर्कात मॉलिब्डेनमचे क्षार व एक क्षपणकारक मिसळतात. द्रावण निळे होते. निळाई जितकी गडद, तितके स्फुरद अधिक. हा रंग ज्या रेणूकुळाचा आहे, त्याच कुळातील काही रेणू कारखान्यांतील सल्फ्युरिक आम्लाची जागा घेऊ लागले आहेत.

या कुळातील पहिला पदार्थ स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८२६ मध्ये नोंदविला. त्याची रचना मात्र शतकभर गूढच राहिली. १९३३ मध्ये मँचेस्टर येथे जे. एफ. केगिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने टंगस्टनयुक्त भावंडाची रचना उलगडली. मध्यभागी फॉस्फरसचा एक अणू आणि त्याभोवती टंगस्टनचे १२ व ऑक्सिजनचे ४० अणू, असा तो सुबक समूह आहे. त्यावरील तीन ऋण प्रभार अनेक ऑक्सिजन अणूंत वाटले जातात. साहजिकच हायड्रोजनच्या धन कणावरील पकड सैल राहते. हा कण सहजतेने देऊ करणे म्हणजेच आम्लाची तीव्रता. म्हणूनच हे आम्ल सल्फ्युरिक आम्लापेक्षाही प्रखर ठरते.

प्रखरतेपेक्षा महत्त्वाचा आहे तो हिशेब. सॅनिटायझरमुळे घरोघरी पोहोचलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल पूर्वी प्रोपिलीन वायू सल्फ्युरिक आम्लात शोषून, मग त्यात पाणी घालून तयार करीत. आम्ल उरे, परंतु पातळ होऊन. ते पुन्हा तीव्र करण्यास इंधन लागे आणि यंत्रे गंजत. १९७२ मध्ये जपानी उद्योगाने या समूहांच्या पाण्यातील द्रावणात प्रोपिलीन व पाण्याचा थेट संयोग घडविला. पुढे २००१ मध्ये इंग्लंडमधील हल येथे याच कुळातील आम्ल सिलिकावर बसवून इथिलीन व ॲसिटिक आम्लापासून, शाई व रंगांत लागणारे इथाइल ॲसिटेट बनू लागले. दोन्ही घटक उत्पादनातच सामावतात. अभिक्रियेतून वेगळा उपपदार्थ निघत नाही.

अडचण आहे ती वसुलीची. हे समूह पाण्यात सहज विरघळतात. अभिक्रिया द्रवात असेल तर सिलिकावरील आम्ल थोडे थोडे धुपून जाते. मग उत्प्रेरकही गेला आणि सांडपाण्यात जड धातूही मिसळला! त्यावर एक उपाय सापडला आहे. आम्लातील बहुतांश हायड्रोजनच्या जागी सीझियम योजल्यास पाण्यात न विरघळणारा, सच्छिद्र क्षार मिळतो. आम्लताही टिकते. सीझियम मात्र महाग धातू आहे.

म्हणून ‘हरित’ या बिरुदावर भुलून चालणार नाही. टंगस्टनही खाणीतूनच येते. प्रत्येक फेरीनंतर उत्प्रेरक किती परत आला आणि त्याच्या बळावर किती माल निघाला, या दोन आकड्यांवरच निर्णय व्हावा. उत्पादन हे व्याज, उत्प्रेरक हे मुद्दल. मुद्दलच खर्ची पडू लागले तर तो व्यवहार हरित म्हणता येणार नाही.