फ्लायव्हीलचे सुटलेले चुंबक आणि त्यांची दुरुस्ती

ठाणे जिल्ह्यात भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी हे गाव आहे. या परिसराचे मुख्य पीक भात. भात निघाल्यावर तानसा नदीच्या आधाराने भेंडी, काकडी यांसारखा भाजीपाला घेता येतो. पण ज्या तुकड्यापर्यंत विजेची तार पोचलेली नाही, तेथे सारी भिस्त लहान इंजिनाच्या पंपावर असते. ऐन तोडणीच्या दिवसांत इंजिन रुसले आणि वैशाखाच्या उन्हात भेंडीची पाण्याची पाळी चुकली, तर फुले गळतात व फळे निबर होतात. इंजिन जुने झाले, आता मोडीत काढावे, असा विचार अशा वेळी मनात येतो. परंतु पुष्कळदा दोष इंजिनाच्या वयाचा नसून फ्लायव्हीलमधील एखाद्या सुटलेल्या चुंबकाचा असतो.

चुंबकाचे कार्य

या इंजिनांना बॅटरी नसते. फ्लायव्हीलच्या कड्याला आतून चुंबक बसविलेले असतात व मध्यभागी तांब्याच्या तारेची कॉइल स्थिर असते. चाक फिरू लागले की चुंबक कॉइलजवळून जातात आणि तारेत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिलेले हे तत्त्व होय. हीच वीज वाढून प्लगमध्ये ठिणगी पडते. चुंबक जागचा हलला की ठिणगी क्षीण होते किंवा अजिबात पडत नाही.

बिघाडाची ओळख

हा बिघाड फसवा असतो. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या चाकात, मध्यापासून ७ सेंटिमीटरवर असलेला ५० ग्रॅमचा चुंबक सुमारे ३५ किलो वजनाइतक्या जोराने कड्यावर दाबला जातो. त्यामुळे सुटलेला चुंबकही भर वेगात जागेवर राहतो आणि इंजिन बरे चाललेसे वाटते. सुरू करताना व बंद होताना मात्र तो घसरतो, कॉइलला घासतो आणि कटकट ऐकू येते. हा आवाज कानी येताच इंजिन बंद करावे. तसेच चालविल्यास चुंबक फुटून कॉइलची तार तुटते किंवा चाक अडकून मोठे नुकसान होते.

चाक उतरविताना

प्रथम प्लगची टोपी काढून ठेवावी, म्हणजे इंजिन अवचित सुरू होणार नाही. चाक पुलरनेच उतरवावे. हातोड्याच्या घावाने दांडा वाकतो आणि चुंबक तडकतो. दांड्याच्या खाचेतील लहान चावी जपून ठेवावी. ती थोडी जरी कापली गेली असली तरी ठिणगीची वेळ चुकते, म्हणून अशी चावी बदलावी. चाकाला तडा दिसला तर ते चाक पुन्हा वापरू नये. वेगात फुटलेल्या चाकाचा तुकडा प्राणघातक ठरतो.

चुंबक स्क्रूने आवळलेले असतील तर प्रथम स्क्रू तपासावेत. चिकटविलेले चुंबक सैल असतील तर ते काढण्यापूर्वी प्रत्येकाची जागा आणि वरची बाजू यांची खूण चाकावर करावी. मोबाइलवर छायाचित्र घेणे त्याहून सोपे. चुंबक आधीच निखळला असेल, तर जुन्या गोंदाचा ठसा त्याची जागा दाखवितो.

ध्रुवांची परीक्षा

सर्वांत मोठी चूक येथे होते. अशा चाकांत बहुधा एका चुंबकाची आतील बाजू उत्तर ध्रुव, तर शेजारच्याची दक्षिण ध्रुव, असा क्रम असतो. एक चुंबक उलटा बसला तर चिकटविण्याचे काम उत्तम होऊनही ठिणगी बिघडते. म्हणून होकायंत्र हळूहळू जवळ न्यावे आणि सुईचे कोणते टोक ओढले जाते ते पाहावे. ते अगदी टेकवू नये, नाहीतर सुईच बिघडते. घट्ट असलेल्या चुंबकांवरून क्रम ओळखून सुटलेला त्याप्रमाणे बसवावा.

चिकटविण्याची रीत

जुना गोंद व गंज खरवडून दोन्ही पृष्ठे पॉलिश पेपरने घासावीत आणि थिनरने पुसून कोरडी करावीत. तेलाचा अंशही राहिला तर गोंद धरत नाही. झटपट चिकटणारा पातळ गोंद वापरू नये. उष्णता व हादरे यांपुढे तो टिकत नाही. उष्णता सोसणारा, सावकाश वाळणारा, दोन नळ्यांतील इपॉक्सी गोंद समप्रमाणात किंवा वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात कालवून पातळ थर द्यावा. विरुद्ध ध्रुवांचे शेजारी एकमेकांना ओढतात, म्हणून मूळ अंतर राखण्यासाठी मध्ये लाकडी पाचरी ठेवाव्यात. आतल्या बाजूस आलेला गोंद लगेच पुसावा. त्यानंतर किमान २४ तास चाकाला हात लावू नये. पावसाळी गारव्यात याहून अधिक वेळ द्यावा. भेगाळलेला चुंबक चिकटवून भागत नाही, तो बदलावाच लागतो.

पुन्हा जोडणी

चुंबकांना लागलेला लोखंडाचा कीस चिकटपट्टीने काढावा. दांडा व चाकाचे भोक कोरडे पुसून चावी बसवावी आणि नट कारखान्याने सांगितल्याप्रमाणे आवळावा. चाक हाताने फिरवून कोठे घासत नाही ना, ते पाहावे. मग झाकण लावूनच इंजिन सुरू करावे. पहिली काही मिनिटे ते मंद चालवावे व चाकाच्या रेषेत कोणी उभे राहू नये.

या दुरुस्तीस मोठा खर्च नाही, पण एका दिवसाची सबुरी हवी. संध्याकाळी पाणी द्यायचे आहे म्हणून ओल्या गोंदावर इंजिन चालविले, तर चुंबक पुन्हा निखळतो आणि या खेपेस कॉइलही घेऊन जातो. तेवढ्या एका पाळीसाठी शेजाऱ्याचा पंप मागून आणावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळी लागवडीपूर्वीच अशी इंजिने उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. उभे पीक पाण्याची वाट पाहत असताना दुरुस्ती करण्यापेक्षा, शेत मोकळे असताना केलेली तपासणी केव्हाही हिताची.