५.६ सेकंदांचा पंचनामा

१८ मार्च २०१८. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं टेंपी शहर, रात्रीचे दहा वाजायला आलेले. ४९ वर्षांची एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीची चाचणीवरची स्वयंचलित मोटार ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगानं येत होती. तिनं त्या बाईला उडवलं. स्वयंचलित मोटारीच्या धडकेत पादचारी दगावल्याची ही पहिली नोंद.

एरवी अपघाताचा खटला उभा राहतो तो काचांच्या तुकड्यांवर, चाकांच्या घसरखुणांवर आणि साक्षीदारांच्या आठवणींवर. ड्रायव्हरच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं, हे कुणालाच बघता येत नाही. तो म्हणतो, ‘अचानक समोर आली हो!’ आणि त्या ‘अचानक’वर वकील वर्षानुवर्षं भांडतात. टेंपीत मात्र ड्रायव्हर यंत्रच होतं, त्यामुळे तपास यंत्रणेला ड्रायव्हरच्या डोक्याचाच पंचनामा करता आला, तोही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत. मला तरी ही गोष्ट आजही अचंबित करते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं त्या यंत्राची नोंद २०१९ मध्ये उघड केली. धडकेच्या ५.६ सेकंद आधी रडारला ती बाई दिसली. गाडीची यंत्रणा म्हणाली, ही मोटार आहे. ५.२ सेकंद उरले असताना मत बदललं: काहीतरी वस्तू आहे, जागची हलत नाही. मग पुन्हा मोटार, पुन्हा ‘काहीतरी’, आणि २.६ सेकंदांवर सायकल. दरवेळी ओळख बदलली की त्या वस्तूची आधीची हालचाल हिशेबातून बाद व्हायची. त्यामुळे समोरचं माणूस एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चाललंय, ही साधी गोष्ट यंत्राला वेळेत कळलीच नाही. त्यात भर म्हणजे, झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी पायी रस्ता ओलांडेल ही शक्यताच प्रोग्राममध्ये धरलेली नव्हती. (पुण्यातल्या एखाद्या रिक्षावाल्याला विचारलं असतं तर त्यानं फुकटात सांगितलं असतं.)

१.२ सेकंद उरले तेव्हा धडक होणार हे यंत्राला उमगलं, आणि ते एक सेकंद काहीही न करता थांबलं. हा बिघाड नव्हता. खोट्या धोक्याला घाबरून गाडीनं उगाच करकचून ब्रेक मारू नयेत, म्हणून अभियंत्यांनी तो एक सेकंद मुद्दाम राखून ठेवला होता. ०.२ सेकंदांवर इशारा वाजला. मूळ गाडी व्होल्वोची होती आणि तिच्यात कारखान्यातूनच आपोआप ब्रेक लावण्याची सोय होती, पण उबरची यंत्रणा चालू असताना ती बंद ठेवली जायची. ती चालू असती तर काय झालं असतं, याच्या २० चाचण्या व्होल्वोनं संगणकावर करून पाहिल्या. त्यातल्या १७ मध्ये धडक टळली.

इतकं सगळं कळल्यावर अपराधी एका झटक्यात सापडायला हवा ना? झालं उलटंच. गाडीत देखरेखीला बसवलेली चालक फोनवर टीव्हीचा कार्यक्रम बघत होती. पण पूर्वी गाडीत दोन माणसं असायची, ती कंपनीनं एकावर आणली होती, आणि त्या एका माणसाचं लक्ष रस्त्यावर आहे की नाही हे पाहायची धड व्यवस्था नव्हती. राज्य सरकारनं चाचण्यांना दार उघडलं, देखरेख मात्र जेमतेम ठेवली. मंडळानं मुख्य कारण म्हणून चालकाचं दुर्लक्ष नोंदवलं आणि त्याच्या जोडीला कंपनीचा ढिसाळपणा, राज्याची अपुरी देखरेख, इतकंच काय, त्या बाईचं भलत्या जागी रस्ता ओलांडणंही लिहिलं.

फौजदारी कायदा मात्र एकाच माणसावर येऊन थांबला. कंपनीवर गुन्हा लागू होत नाही, असं सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये सांगितलं. चालकावर २०२० मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा आरोप ठेवला गेला. २०२३ मध्ये तिनं जीव धोक्यात घातल्याचा सौम्य गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची प्रोबेशन मिळाली. कंपनीनं कुटुंबाशी काही दिवसांतच तडजोड केली होती. म्हणजे तो राखून ठेवलेला एक सेकंद कुणाच्या खात्यावर टाकायचा, हे कुठल्याही न्यायालयानं ठरवलंच नाही. मला हे खटकतं.

खरं तर ‘बनवणारा जबाबदार’ हे तत्त्व मोटारीइतकंच जुनं म्हणायला हरकत नाही. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात ब्युइक कंपनीविरुद्ध एक दावा गाजला. लाकडी चाकाच्या आऱ्या मोडून मालक जखमी झाला होता. कंपनीचं म्हणणं, आम्ही गाडी डीलरला विकली, तुमचा-आमचा व्यवहारच नाही. शिवाय चाक दुसऱ्यानं बनवलं. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ते फेटाळलं. सदोष बनवलं तर जिवाला धोका होईल अशी वस्तू जो बाजारात आणतो, त्यानं ती नीट तपासून द्यायला हवी. आज आऱ्यांच्या जागी सॉफ्टवेअर आहे, इतकाच फरक.

पण फरक पुराव्यात पडतो. चाकाचे तुकडे जखमी माणसाला उचलून कोर्टात नेता येत होते. सॉफ्टवेअरची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. टेस्लाच्या खटल्यात नेमकं हेच घडलं. २०१९ मध्ये फ्लोरिडात की लार्गोला ऑटोपायलट या टेस्लाच्या चालक-साहाय्य यंत्रणेवर चाललेल्या गाडीचा चालक खाली पडलेला फोन उचलायला वाकला. गाडी उभ्या मोटारीवर आदळली. एक तरुणी गेली, तिचा मित्र गंभीर जखमी झाला. धडकेच्या वेळची नोंद टेस्लाकडून मिळेना, ती फिर्यादींच्या तज्ज्ञानं गाडीच्याच संगणकातून बाहेर काढली. ऑगस्ट २०२५ मध्ये ज्यूरीनं चालकाला ६७ टक्के आणि टेस्लाला ३३ टक्के जबाबदार धरलं. दंडात्मक रक्कम धरून टेस्लाच्या वाट्याला सुमारे २४ कोटी डॉलर आले. कंपनीनं अपील करण्याचं जाहीर केलं.

अपघात ते निकाल, सहा वर्षं. तोवर रुग्णालयाचं बिल कुणी भरायचं? ब्रिटननं २०१८ च्या कायद्यात यावर सरळ तोड काढली: गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला तर विमा कंपनीनं जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मग गाडी बनवणाऱ्याशी हवं तितकं भांडावं. २०२४ च्या कायद्यानं तर अशा वेळी आत बसलेल्या माणसाला गाडी चालवण्याशी संबंधित बहुतेक गुन्ह्यांतून मोकळं केलं. आपल्याकडे नितीन गडकरी चालकांच्या रोजगाराचं कारण देऊन अशा गाड्यांना नकार देत आले आहेत. पण आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ ब्रिटनच्याच वाटेवरचं आहे. चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मालकानं किंवा विमा कंपनीनं द्यायचे. रक्कम तोकडी आहे, विचार तोच.

दंडाच्या पावतीचा प्रश्न आणखी गमतीचा. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोच्या पोलिसांनी चुकीचा यू-टर्न घेतला म्हणून वेमो कंपनीची स्वयंचलित गाडी अडवली. आत कुणीच नव्हतं. पावतीवर लिहायला चालक नाही, म्हणून कंपनीला कळवून गाडी सोडून द्यावी लागली. तिथल्या नव्या कायद्यानुसार जुलै २०२६ पासून पोलिसांना अशा वेळी थेट उत्पादकाच्या नावानं नोटीस काढता येते.