वेताळ आणि जीन्स

सिमरोल हे नाव आज आयआयटीमुळे सर्वतोमुखी झाले आहे. इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलेल्या या गावी आठवड्यातून एकदा मी बालरुग्ण तपासावयास जातो. तेथील एका पंधरा वर्षांच्या मुलाने मला जे शिकविले, ते सुहृदांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन महिन्यांपासून सकाळी डोकेदुखी आणि मळमळ, ही त्याची तक्रार. अशी तक्रार ऐकून कोणताही वैद्य सावध होतो. रक्तदाब, दृष्टी, नेत्रपटल, मज्जासंस्था, सर्व निर्दोष. मी ‘परीक्षेचा ताण’ असे निदान करून मोकळा झालो. दुसऱ्या खेपेस आईने त्याला बाहेर बसविले आणि दबक्या आवाजात म्हणाली, “डॉक्टर, रात्री दार-खिडक्या बंद करून बसतो. खोलीला थिनरचा वास येतो. व्यसन तर नसेल ना?” प्रांजळपणे सांगतो, माझ्याही मनाने तीच दिशा धरली. कुमारवयीन मुले थिनर हुंगतात, हे आपण जाणतोच. उपदेशाचे शब्द माझ्या ओठांवर तयार होते.

मुलगा तपासणीच्या टेबलावर आडवा झाला आणि माझी दृष्टी प्रथमच त्याच्या जीन्सकडे गेली. मांडीवर उपसलेली तलवार घेतलेला राजा, त्याच्या खांद्यावर प्रेत, मागे वडाच्या पारंब्या आणि कवट्या. माझे बालपणच समोर उभे राहिले. १९४७ साली मद्रासला सुरू झालेल्या ‘चांदमामा’ची मराठी आवृत्ती म्हणजे आपला ‘चांदोबा’. त्यातील विक्रम-वेताळाचे चित्रकार शंकर २०२० साली निवर्तले. पण त्यांचा राजा येथे डेनिमवर जिवंत होता.

“हा वेताळ कोणी काढला रे?”

“मीच, काका.”

आजवर ‘हो-नाही’पलीकडे न गेलेला तो मुलगा पंधरा मिनिटे बोलत राहिला. आजोबांचे जुने अंक हाच त्याचा गुरू. मित्रही आपल्या जीन्स आणून देतात. दारांना लावून उरलेला ऑइलपेंट थिनरने पातळ करून रात्री रंगवायचे. वडिलांना कळू नये म्हणून खिडकी बंद. व्यसन नव्हते, पण टोल्युइनसारख्या द्रावकांची वाफ फुप्फुसात जाण्यास हेतू लागत नाही. डोकेदुखी, मळमळ, भोवळ सारखीच. शिवाय जुन्या डब्यांतील रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासूनच लागू झाली.

मी त्याला रंगविण्यास मनाई केली नाही. पद्धत बदलावयास सांगितली. जीन्स आधी धुऊन खळ काढावी. आत पुठ्ठा घालावा, म्हणजे रंग पलीकडे उतरत नाही. निळ्या कापडावर रंग खुलावेत म्हणून प्रथम पांढरा थर द्यावा. मग पाण्यात मिसळणारे फॅब्रिक कलर अथवा अॅक्रिलिक पातळ थरांत लावावेत; जाड थराला घडीवर भेगा पडतात. पूर्ण वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री फिरवावी आणि पुढे उलटी करूनच धुवावी. खिडकी मात्र उघडीच हवी.

निघताना मी विचारले, “वेताळच का?” तो म्हणाला, “काका, राजा बोलला तर वेताळ उडून जातो आणि उत्तर ठाऊक असून गप्प बसला तर डोक्याची शकले होतात.” डोकेदुखीचे याहून नेमके वर्णन मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही.

तीन आठवड्यांत डोकेदुखी थांबली. वडिलांनी जीन्स रंगविण्यास अद्याप मनःपूर्वक संमती दिलेली नाही. खिडकी उघडण्यास दिली आहे. आरंभ म्हणून तेही थोडे नाही.

विक्रमाची उज्जयिनी आपल्या माळव्यातलीच. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली बेंद्रे आणि हुसेन घडले, ते याच इंदुरात. टाकाऊ वस्तूंत चित्र पाहणारे विष्णू चिंचाळकर गुरुजीही येथलेच. अशा भूमीत मुलाच्या हाती कुंचला दिसल्यास पालकांनी एकदम धास्तावू नये. वास आला तर आरोपाआधी प्रश्न विचारावा. आणि व्यवसायबंधूंना विनंती, की कुमारवयीन रुग्णाची नाडी पाहण्यापूर्वी त्याच्या कपड्यांकडेही एकवार पाहावे. जे तो बोलू शकत नाही, ते कित्येकदा त्याने तेथे लिहून ठेवलेले असते.