केप हॅटरस : जागा बदलून वाचलेला दीपस्तंभ

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यासमोर वाळूच्या अरुंद बेटांची लांबलचक रांग आहे. ती ‘आउटर बँक्स’ म्हणून ओळखली जाते. यांतील हॅटरस बेटावर केप हॅटरसचा दीपस्तंभ आहे. सुमारे 200 फूट उंचीचा हा मनोरा विटांनी बांधलेला अमेरिकेतील सर्वांत उंच दीपस्तंभ मानला जातो.

केप हॅटरस या भूशिरापाशी दक्षिणेकडून येणारा गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह आणि उत्तरेकडचे थंड पाणी यांची गाठ पडते. शिवाय ‘डायमंड शोल्स’ नावाचे वाळूचे दांडे समुद्रात कित्येक मैल पसरलेले आहेत. लाटांबरोबर ते सतत सरकत असल्याने जुन्या काळी नकाशाचा भरवसा धरणे कठीण होते. अनेक जहाजे येथे बुडाली आणि या समुद्राला ‘अटलांटिकची दफनभूमी’ हे नाव पडले. अमेरिकन यादवी युद्धातील प्रसिद्ध चिलखती युद्धनौका ‘मॉनिटर’ 1862 च्या डिसेंबरअखेरीस याच परिसरात बुडाली.

येथला पहिला दीपस्तंभ 1803 मध्ये उजळला. तो जेमतेम 90 फूट उंच होता आणि त्याचा प्रकाश दूरवर पोहोचत नाही, अशी खलाशांची तक्रार असे. पुढे त्याची उंची वाढवण्यात आली, तरी अखेर नवा मनोरा उभारायचे ठरले. त्याचे काम 1868 मध्ये सुरू झाले आणि 16 डिसेंबर 1870 रोजी दिवा लागला. प्रकाशाचे किरण एकवटून दूर फेकण्यासाठी त्यात पहिल्या श्रेणीचे फ्रेनेल भिंग बसवले होते. 1873 मध्ये मनोऱ्यावर काळे-पांढरे मळसूत्री पट्टे रंगवण्यात आले. रात्री दिव्यावरून आणि दिवसा रंगावरून खलाशांना दीपस्तंभ ओळखता यावा, हा त्यामागचा हेतू होता.

मनोऱ्याच्या पायाची रचनाही वेगळी होती. वाळूत खणलेल्या खड्ड्यात पाणी लागल्यावर बांधकामप्रमुख डेक्स्टर स्टेट्सन यांनी त्या पाण्याखालीच पाइन लाकडाचे ओंडके आडवे-उभे रचले आणि त्यांवर ग्रॅनाइटचा पाया घेतला. गोड्या पाण्यात कायम बुडून राहिलेले लाकूड कुजत नाही, त्यामुळे हा पाया शतकाहून अधिक काळ टिकला. मात्र समुद्राचे खारे पाणी तिथवर पोहोचले किंवा भोवतीची वाळू वाहून गेली, तर मनोरा धोक्यात येणार होता.

नेमके तेच घडू लागले. बांधला तेव्हा मनोरा समुद्रापासून सुमारे 1,500 फुटांवर होता. 1930 च्या दशकात लाटा शंभरेक फुटांवर आल्या आणि 1936 मध्ये दिवा दुसऱ्या, लोखंडी सांगाड्याच्या मनोऱ्यावर हलवावा लागला. किनारा काहीसा सावरल्यावर 1950 मध्ये तो मूळ जागी परतला. वाळू धरून ठेवण्यासाठी समुद्रात बांध घातले गेले, वाळूच्या पिशव्याही रचल्या गेल्या. तरीही धूप थांबली नाही.

मनोऱ्याभोवती भिंत बांधावी की तो मागे हलवावा, यावर बराच वाद झाला. हलवताना मनोरा कोसळेल, अशी अनेक स्थानिकांना भीती होती. 1988 मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने स्थलांतराच्या बाजूने कौल दिला. भिंतीमुळे समुद्र हटणार नव्हता. भोवतीचा किनारा खचतच गेला असता आणि मनोरा एकाकी बेटासारखा उरला असता.

प्रत्यक्ष स्थलांतर 1999 मध्ये झाले. कामगारांनी जुना पाया टप्प्याटप्प्याने काढून त्या जागी पोलादी तुळयांचा आधार दिला. हायड्रॉलिक जॅकनी सुमारे 4,800 टनांचा मनोरा उचलला गेला आणि घट्ट दाबलेल्या वाटेवर अंथरलेल्या पोलादी मार्गावरून एका वेळी पाच-पाच फूट पुढे ढकलण्यात आला. तो किंचितही कलला तर लगेच कळावे म्हणून त्यावर संवेदक बसवले होते. 17 जून ते 9 जुलै अशा 23 दिवसांत 2,900 फुटांचे अंतर पार झाले. दीपरक्षकांची घरे आणि तेलाचे कोठारही हलवल्यामुळे संकुलाची मूळ मांडणी कायम राहिली. 13 नोव्हेंबर 1999 रोजी दिवा पुन्हा लागला.

आज हा दीपस्तंभ ‘केप हॅटरस नॅशनल सीशोर’ या संरक्षित किनारपट्टीचा भाग आहे. त्याची देखभाल अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा करते. दीपरक्षकांच्या जुन्या घरात संग्रहालय आहे. 257 पायऱ्या चढून गेल्यावर सज्जातून समुद्र आणि संपूर्ण भूशीर दिसते. मात्र दुरुस्तीच्या काळात जिना पर्यटकांसाठी बंद ठेवला जातो, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करणे बरे.

समुद्राची पातळी वाढत असताना किनाऱ्यावरच्या इतर वारशांपुढेही हाच प्रश्न उभा राहणार आहे. वास्तू जागेवरच टिकवण्याचा हट्ट न धरता तिला वेळीच मागे नेणे, हाही जतनाचाच मार्ग आहे, हे केप हॅटरसने सिद्ध केले आहे.