बंदरांचा मुलूख आडवळणी कसा झाला

सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यामध्ये सापडलेल्या चिंचोळ्या भूमीमुळे रत्नागिरी जिल्हा सदैव दुर्गम राहिला, असा समज रूढ आहे. परंतु तेथील वारसास्थळे कालक्रमाने पाहिली, तर ही दुर्गमता फार जुनी नाही आणि तिच्या निर्मितीत भूगोलाइतकाच राज्यकारभाराचाही वाटा आहे, असे दिसून येते.

वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ हे बहामनी आणि पुढे आदिलशाही राजवटीत दख्खनचे एक प्रमुख बंदर होते. अरबस्तान व इराणकडचे घोडे येथे उतरत, मक्केचे यात्रेकरू येथून गलबतांत चढत आणि पंधराव्या शतकातील रशियन व्यापारी अफानासी निकितीन यानेही परतीच्या प्रवासासाठी याच बंदरातून समुद्र गाठला. १५०८च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याने दाभोळ लुटून जाळले, हीसुद्धा त्याच्या वैभवाची एक साक्षच मानावी लागते, कारण ओस बंदर जाळण्यासाठी कोणी आरमार घेऊन येत नाही. अशा बंदराचे सामर्थ्य धक्क्यापुरते नसे. भरतीचे पाणी खाडीत जिथवर चढे तिथवर माल होडीने जाई आणि तेथून बैलांच्या तांड्यांवर लादून घाटमाथ्यावर पोहोचे. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कऱ्हाड आणि राजापूरहून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर या अशाच जोडवाटा होत्या. राजापुरात इंग्रजांनी वखार, म्हणजे कोठारे, कचेरी आणि व्यापाऱ्यांचा निवास एकत्र असलेले ठाणे, थाटली होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला इंग्रजांनी तोफांची मदत केल्यामुळे १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती ताब्यात घेऊन तेथील इंग्रजांना कैद केले.

पेशवाईनंतर दक्षिण कोकण कंपनीकडे आले आणि १८२२ मध्ये जिल्ह्याचे ठाणे बाणकोटहून रत्नागिरीस हलले, पण खरा पालट पुढेच झाला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यावर देशावरचा माल थेट मुंबईच्या गोदीकडे वळला, तर गाळाने उथळ होत गेलेल्या खाड्या मोठ्या आगबोटींच्या उपयोगाच्या राहिल्या नाहीत. बंदरांमागची बाजारपेठ तुटली आणि जिल्ह्यातून माणसेच बाहेर जाऊ लागली. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा चाकरमानी आणि त्याची मनीऑर्डर यांवर गावे जगू लागली.

लोहमार्ग नाही आणि पावसाळ्यात बंदरे बंद, अशी ही स्थिती सरकारच्या मात्र सोयीची ठरली. १८८५ मध्ये पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा पुढच्याच वर्षी रत्नागिरीत आणला गेला. त्याच्यासाठी खाडीकडे पाहणारा राजवाडा बांधून होण्यास मात्र १९१० साल उजाडले आणि १९१६ मध्ये त्याचा येथेच मृत्यू झाला. अखेरचा मुघल बादशहा रंगूनला आणि ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा रत्नागिरीला, या अदलाबदलीत साम्राज्याचा हिशेबीपणा उघड होतो. १९२४ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांना याच जिल्ह्यात स्थानबद्ध करण्यात आले, म्हणजे जिल्ह्याची हद्द ओलांडण्यास आणि राजकारणात भाग घेण्यास मनाई करण्यात आली. ही बंधने १९३७ पर्यंत टिकली. मधल्या काळात, १९३१ मध्ये, भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने उभारलेले, सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर रत्नागिरीत सुरू झाले.

वारशाच्या आजच्या व्याख्येत किल्ला आणि राजवाडा सहज बसतात. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेला, तर जांभ्याच्या सड्यांवरील प्रागैतिहासिक कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. व्यापारी वाटेला मात्र असे एकच स्थळ नसते. राजापूरचे बंदर रत्नागिरी जिल्ह्यात आणि अणुस्कुऱ्याचा माथा कोल्हापूर जिल्ह्यात पडत असल्याने तिची नोंद करायची, तर प्रथम दोन जिल्ह्यांची दप्तरे एकत्र आणावी लागतील.