कॅल्शियम साठलंय, म्हणून दूध बंद?

खांद्याच्या एक्स-रेमध्ये पांढरा ठिपका दिसला आणि रिपोर्टात ‘कॅल्सिफिकेशन’ असं आलं, की घरात पहिली गदा येते ती दुधावर. मग दही, मग नाचणी. कॅल्शियम जास्त झालं म्हणून साठलं, असा सरळ हिशेब. पण अशा बहुतेकांच्या रक्तातलं कॅल्शियम नेहमीएवढंच निघतं: डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. पॅराथायरॉइड ग्रंथी, मूत्रपिंडं आणि हाडं मिळून तो आकडा सांभाळतात. पेलाभर दुधानं तो हलत नाही.

क्षार बसतो तो दुखावलेल्या जागी. मार, जंतुसंसर्ग किंवा तुटलेला रक्तपुरवठा यांमुळे पेशी मेल्या, की तिथे कॅल्शियम आणि फॉस्फेट जमतं. याला डिस्ट्रॉफिक प्रकार म्हणतात आणि सर्वांत जास्त आढळतो तो हाच. क्षयाच्या बऱ्या झालेल्या गाठी, जुन्या इंजेक्शनची जागा, मेंदूत मेलेली फीतकृमीची अळी, सगळीकडे हीच खूण दिसते. स्क्लेरोडर्मात तर बोटांच्या टोकांतून खडूसारखे कण बाहेर येतात.

खांद्याचं प्रकरण थोडं निराळं. तिशी ते साठीच्या दरम्यान तिथल्या स्नायुबंधात क्षार जमतो, आणि अनेकांना तो कधी जाणवतही नाही. कळ असह्य झाली म्हणजे क्षार वाढला, असं लोक धरून चालतात. बऱ्याचदा उलटं असतं: शरीर तो क्षार शोषून घेत असतं, तेव्हाच खांदा सर्वाधिक ठणकतो. लिंबूपाणी किंवा व्हिनेगर पिऊन मात्र तो विरघळत नाही. काहीही प्यायलं तरी रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढाच राहतो.

कोपराला मार लागल्यावर जोरात तेल चोळून घेणं हा आपल्याकडचा खरा धोका. दुखावलेला स्नायू पुन्हापुन्हा रगडला तर त्यात चक्क हाड तयार होऊ शकतं (मायोसायटिस ऑसिफिकन्स) आणि हात कोपरात आखडतो. हाडवैद्याकडे मुलाला नेणाऱ्यांना हे आधी कुणी सांगत नाही.

रक्तातलं प्रमाण बिघडून क्षार बसतो तो मेटास्टॅटिक प्रकार. कॅन्सर पसरण्याशी या नावाचा संबंध नाही. मूत्रपिंडं निकामी झाली की फॉस्फरस साठतो, पॅराथायरॉइड बिघडली की कॅल्शियम चढतं. तिसरं कारण घरातलंच आहे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची, आठवड्याला एक घ्यायची पुडी लोक मनानेच महिनोन्महिने, कधी रोजही घेतात. अशा वेळी धडधाकट रक्तवाहिन्या, फुप्फुसं आणि मूत्रपिंडांतही क्षार बसू शकतो. डायलिसिसवरच्या माणसाच्या कातडीवर अतिशय दुखणारे काळसर चट्टे आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मॅमोग्राफीतले मोठे, ठसठशीत ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात. बारीक ठिपक्यांचा पुंजका दिसला, तर डॉक्टर पुढची तपासणी सांगतील. ती टाळू नये.